मतदारांची यादी आणि एकत्र कुटुंब

घरात मुंज किंवा लग्न निघाले म्हणजे पहिली बैठक बसते ती आमंत्रणाच्या यादीसाठी. वडील माणूस चष्मा लावून जुनी वही काढते, काकू शेजारी बसून आठवण देतात, कोणाची मुलगी कोठे दिली, कोणाचे बिऱ्हाड कोठे हलले, कोण गेले, ह्याचा कसून तपास होतो. आणि एवढे करूनही एखादे नाव सुटलेच, तर त्याचा बोल पुढची दहा वर्षे ऐकावा लागतो. इतक्या काळजीने याद्या करणाऱ्या आमच्या घरांविषयी आणखीही एक यादी आहे. ती सरकार आपल्या खर्चाने करते, तीत घरातील प्रत्येक सज्ञान माणसाचे नाव, वय व घरक्रमांक घातलेला असतो, आणि ती कोणासही फुकट पाहावयास मिळते. ती यादी आमच्या वाचकांपैकी किती जणांनी नीट वाचली आहे? आम्ही स्वतः वाचली नव्हती, हे आरंभीच कबूल करतो. आणि त्याचे प्रायश्चित्त कोणास भोगावे लागले, तेच येथे सांगावयाचे आहे.

आम्ही नगरचे. जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी बोलताना तोंडी जुने नाव येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. आमच्या घरात लहानथोर मिळून चौदा माणसे; त्यांत मतदार दहा, असा सर्वांचा हिशेब. आमचे वडील बंधू, ज्यांना सारे घर नाना म्हणते, हे घरचे कर्ते. विजेचे बिल, घरपट्टी, विम्याचे हप्ते, मुलांचे दाखले, असे सर्व कागद त्यांच्या हातचे. मतदानापूर्वी त्यांनी आमच्या घरक्रमांकापुढील नावेही मोजून पाहिली होती. ती बरोबर दहा भरली, आणि नानांनी समाधानाने चष्मा काढून ठेवला. मतदानाच्या दिवशी स्वयंपाकघर उघडे पडू नये म्हणून त्यांनी आदल्या रात्रीच दोन तुकड्या पाडून दिल्या. पुरुषमंडळी सकाळी सातच्या ठोक्याला जाऊन, बोटास शाई लावून, चहाला परत आली. वहिनी आणि थोरली सूनबाई अकराच्या सुमारास निघाल्या.

रांग मोठी होती. तासाभराने दोघी आत गेल्या. मतदान अधिकाऱ्याने पट्टी धरून ओळीमागून ओळ पाहिली, पान उलटले, पुन्हा मागे आला, आणि म्हणाला, "बाई, तुमचे नाव यादीत नाही." सूनबाईने पिशवीतून आपले जुने ओळखपत्र काढून दिले. ते माहेरच्या नावाचे, संगमनेरचे. अधिकारी सभ्य होता. त्याने ते हातात घेऊन पाहिले व परत दिले. नुसत्या ओळखपत्राने मत देता येत नाही, त्या मतदानकेंद्राच्या यादीत नाव असावे लागते, हे त्याचे म्हणणे कायद्याने बरोबरच होते. वहिनींना ते पटेना. "अहो, ही आमची थोरली सून. तेरा वर्षे झाली हिला घरात येऊन. मी सांगते आहे ना!" त्यावर तो म्हणाला, "आजी, तुम्ही सांगून चालले असते तर बरेच झाले असते." वहिनींनी मत दिले, सूनबाई शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिली. आणि ज्या पानावर वहिनींचे नाव होते त्याच पानावर, दोन ओळी वर, आमच्या मातोश्रींचे नाव छायाचित्रासह छापलेले होते. त्यांस जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. नानांची दहा नावे कशी भरली, ते मग आमच्या ध्यानात आले. गेलेल्या सासूचे नाव होते, नांदत्या सुनेचे नव्हते, आणि बेरीज मात्र चुकली नव्हती.

घरी आल्यावर सूनबाई काही बोलली नाही. पाने वाढली, उष्टी काढली. संध्याकाळी मुलांनी एक खेळ काढला. जो तो मोठ्यांची डाव्या हाताची तर्जनी धरून शाई कोणाची जास्त काळी ते पाहू लागला. धाकटी नात आईजवळ गेली आणि तिचा हात उलटसुलट करून म्हणाली, "आई, तुझी पुसली का ग?" नाना तेथेच वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी ते घडी घालून बाजूस ठेवले. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

चूक कोणाची, हे शोधू गेले तर कोणाचीच नव्हती. लग्नानंतर सूनबाईच्या भावाने सद्‌हेतूने संगमनेरच्या यादीतून तिचे नाव कमी करविले होते. इकडे आम्ही समजलो की, मुलगी सासरी आली, नाव शिधापत्रिकेत चढले, तेव्हा ते तिकडून इकडे सर्वत्र आपोआपच आले असेल. लग्नाबरोबर गोत्र बदलते. मतदारसंघ बदलत नाही. तो आपण होऊन अर्ज करील त्याचाच बदलतो. मधल्या काळात निवडणुका आल्या आणि गेल्या. एकदा ती बाळंतपणास माहेरी होती, एकदा मुलास गोवर, एकदा घरात सोयर. दर वेळी काही ना काही कारण खरे होते, म्हणून नाव नाही हे कधी उघडकीसच आले नाही.

स्त्रीच्या नावाची ही हेळसांड आजची नव्हे. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२१ साली बायकांच्या मताधिकाराचा ठराव संमत केला खरा, पण तेव्हा मत हे मालमत्तेस व करभरण्यास बांधलेले होते, आणि मालमत्ता बायकांच्या नावे कितीशी असावयाची? १९३५ च्या कायद्याने वाट थोडी रुंद केली. लिहितावाचता येणाऱ्या स्त्रीस मत मिळू लागले, आणि नवरा मालमत्तेमुळे मतदार असेल तर त्याच्या बायकोसही ते मिळू लागले. म्हणजे पुष्कळ बायका मतदार झाल्या त्या कोणाच्या तरी पत्नी किंवा विधवा म्हणून. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने हा सर्व जिना काढून टाकला. वयाची एकवीस वर्षे पुरी झाली की मत, मग घर असो वा नसो, नवरा असो वा नसो. (ते वय पुढे ६१ व्या दुरुस्तीने अठरा झाले, ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली.) त्या काळी आमच्याच नगरचे कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, १९४६ पासून १९५२ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले.

पण हक्क देणे सोपे आणि नाव लिहून घेणे कठीण, असा अनुभव पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांस आला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करणारे लोक दारोदार फिरले, तेव्हा लाखो बायकांनी आपले नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून घ्या म्हणाल्या. परक्या पुरुषापुढे नाव घेण्याची चाल नव्हती. आयोगाने असे धरले की, ज्याचे नाव नाही तो मतदार नव्हे. आणि त्या पायी सुमारे २८ लाख बायकांच्या नोंदी कमी कराव्या लागल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेश इकडल्या होत्या. आपल्याकडे बायका नाव सांगत. उखाण्यात नवऱ्याचे घेत, गणनाकारास आपले देत. ह्याचा अभिमान आम्हांसही होता. परंतु त्या २८ लाखांत आणि आमच्या पदवीधर सूनबाईत त्या दिवशी व्यवहारात काय अंतर होते, हे आम्हांस सांगता येईना.

असो. आता कामाचे सांगू. पहिली गोष्ट ही की, अर्जांचे नमुने निरनिराळे असून चुकीचा नमुना भरल्यास काम अडते. ज्याचे नाव कोठल्याच यादीत नाही त्याने नमुना ६ भरावयाचा. ज्याचे नाव एका ठिकाणी आहे व राहणे दुसरीकडे झाले, त्याने नमुना ८. मग ते बिऱ्हाड गल्लीतल्या गल्लीत हललेले असो वा जिल्ह्याबाहेर गेलेले असो. नावात, वयात, पत्त्यात चूक असली तरी हाच नमुना ८. गेलेल्या माणसाचे नाव काढण्यास नमुना ७. तेव्हा नव्याने आलेल्या सुनेविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: माहेरच्या यादीत हिचे नाव अद्याप आहे काय? असल्यास नमुना ८ भरावा, म्हणजे तिकडचे निघून इकडे येते, आणि तिचा ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो. माहेरच्या मंडळींनी घाई करून ते आधीच काढविले असेल, तर सर्व काम नमुना ६ ने मुळापासून करावे लागते. आमच्याकडे हेच झाले.

दुसरी अडचण केवळ आपल्याकडची आहे. लग्नात ताम्हनातील तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची चाल पुष्कळ घरांतून अजून चालू आहे. दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेत माहेरचे आडनाव, शिधापत्रिकेत सासरचे, अशी एकाच बाईची तीन माणसे होतात. कोणते नाव ठेवावे हा ज्याच्या त्याच्या घरचा, किंबहुना जिच्या तिच्या मर्जीचा प्रश्न आहे. आमचे मत विचाराल तर ज्या नावाने ती वाढली ते पुसण्याचे काही कारण नाही. परंतु एकदा ठरले म्हणजे सर्व कागदांवर तेच असावे, आणि मतदारयादीतही तेच जावे. छपाईच्या किरकोळ चुकीने मात्र कोणी घाबरून जाऊ नये. ऱ्हस्वदीर्घ चुकले, एखादे अक्षर गळले, तरी माणूस तेच आहे अशी खात्री पटल्यास केंद्राध्यक्षाने तिकडे दुर्लक्ष करावे, असा नियमच आहे. अर्थात नंतर नमुना ८ भरून ती चूक काढवून घ्यावी हे बरे.

अर्जासोबत एक अलीकडचे छायाचित्र, वयाचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन यांपैकी काहीही चालते. राहण्याच्या पुराव्यापाशी एकत्र कुटुंबाची गाडी अडते. आमच्या घरी विजेचे बिल अद्याप कैलासवासी वडिलांच्या नावाने येते, आणि असे घर आमचे एकट्याचेच नसेल! नियम असा आहे की, पुरावा अर्जदाराच्या स्वतःच्या नावे नसेल तर आईबाप, पती किंवा पत्नी, अथवा सज्ञान मूल ह्यांच्या नावचा चालतो, मात्र ते त्याच पत्त्यावर मतदार असले पाहिजेत. ह्यात सासरा नाही आणि आजेसासरा तर नाहीच नाही. सुनेने नवऱ्याचे बँकेचे पुस्तक किंवा आधार जोडावे, अगर आपलेच जोडावे. कोणताच कागद नसेल तरी अर्ज फेटाळला जात नाही. मतदानकेंद्राचा अधिकारी प्रत्यक्ष घरी येऊन चौकशी करतो. हा अधिकारी म्हणजे बहुधा आपल्याच भागातील शाळेचा शिक्षक, तलाठी किंवा अंगणवाडीची बाई असते. त्यांनी दार वाजविले की आमच्यापैकी काही घरांतून वरूनच "आम्हांला काही घ्यायचे नाही" असे उत्तर जाते, हे आम्ही ऐकून आहो.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो, किंवा तहसील कचेरीत हातोहात देता येतो. विचारपूस करावयाची झाल्यास १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. (मतदारयाद्यांचा कायदाही १९५० चाच, तेव्हा लक्षात ठेवण्यास सोपा.) अर्ज नामंजूर झाल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, हे फार थोड्यांस माहीत असते.

मुलाबाळांविषयी दोन शब्द. पूर्वी १ जानेवारीस अठरा पुरी असावी लागत. २ जानेवारीस जन्मलेल्यास वर्षभर थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर ह्या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात, आणि सतरा पुरी झालेल्यास आगाऊ अर्जही करून ठेवता येतो. शिकण्यास पुण्यास राहिलेल्या मुलाने आपले नाव घरी ठेवावे की वसतिगृहाच्या पत्त्यावर, हे त्यास ठरविण्याची मोकळीक आहे. नोकरीनिमित्त कायमचे बिऱ्हाड केलेल्यांची गोष्ट वेगळी. गावी वाडा आहे, वाटणीत दोन खोल्या आहेत, एवढ्यावरून कोणी तेथला रहिवासी ठरत नाही; कायद्याने ते स्पष्टच म्हटले आहे. तरीही एक नाव पुण्यास आणि एक गावी, असे ठेवण्यात काही जणांस मोठी हुशारी वाटते. दोन ठिकाणी मत दिल्यास दोन्ही मते रद्द होतात आणि खोटे लिहून दिल्यास शिक्षा आहे, हे तर झालेच. पण ज्या घरात मुलांस परीक्षेत नक्कल करू नये असे शिकविले जाते, तेथे हे शोभत नाही.

नगर जिल्ह्यातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. तालुके चौदा, पण विधानसभेचे मतदारसंघ बारा: अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा, शेवगाव, राहुरी, पारनेर, अहमदनगर शहर, श्रीगोंदा आणि कर्जत-जामखेड. तेव्हा तालुका तोच मतदारसंघ असे धरून चालणारा फसतो. विशेषतः नगर तालुक्यातील खेडी शहराच्या मतदारसंघात नाहीत. ती राहुरी, पारनेर आणि श्रीगोंदा ह्या तिहींत वाटलेली आहेत. शहरातून उठून तालुक्यातील एखाद्या गावी बंगला बांधलेल्या कुटुंबाचा मतदारसंघच बदललेला असतो, आणि ते मात्र जुन्या शाळेत जाऊन उभे राहते. जिल्ह्याचे नाव बदलले तरी २०२४ च्या मतदानात शहराच्या मतदारसंघाचे नाव 'अहमदनगर शहर' असेच होते, कारण ती नावे २००८ च्या परिसीमनाच्या आदेशात आहेत. महापालिका, नगरपालिका व जिल्हा परिषद ह्यांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग निराळा असला, तरी तो विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतो. म्हणजे ह्या एका यादीत नाव नसेल तर माणूस सगळीकडूनच वजा होतो.

आता तारखांचे. निवडणूक जाहीर झाली की मग पाहू, असे म्हणणाऱ्यास वेळ किती मिळतो, ते २०२४ च्या उदाहरणावरून पाहावे. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ होती. आणि हरकतीची मुदत व चौकशी ह्यांस वेळ लागतो म्हणून नव्या नावांचे अर्ज १९ पर्यंतच आले तर त्या निवडणुकीस उपयोगी पडणार होते. म्हणजे अवघे चार दिवस! तेही दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा घरात कोणास श्वास घेण्यास फुरसत नसते. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीस कोणी हात लावू शकत नाही. पुढील विधानसभा निवडणूक, सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित न झाल्यास, २०२९ च्या अखेरीस येईल. तेवढ्या अवधीत घरातील यादी दहा वेळा तपासून होईल.

मतदानाच्या दिवशीचे पुष्कळांस माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ओळखीसाठी मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पारपत्र, वाहन परवाना, पॅन, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचा कागद इत्यादी चालतात. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळख म्हणून चालत नाही. मोबाईल घरी ठेवावा. यंत्रावरील बटण दाबल्यावर शेजारच्या पेटीच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती पाहिल्यावाचून निघू नये. सहा वाजता रांगेत उभा असलेला शेवटचा माणूसही मत देऊनच जातो. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर भांडत बसू नये व परतही फिरू नये. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागावी, ती द्यावीच लागते. मातोश्रींचे नाव सहा वर्षे यादीत राहिले, त्या मुदतीत तसे काही घडले नाही हे आमचे नशीब.

घरात वृद्ध माणसे असलेल्यांसाठी दोन सोयी आहेत. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्क्यांहून कमी नाही इतके अपंगत्व असलेल्या मतदारांस २०२४ साली घरी बसून मत देता आले. त्यासाठी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागला. केंद्रावर जाणाऱ्या, दृष्टी गेलेल्या किंवा हाताने बटण दाबू न शकणाऱ्या माणसास सोबत नेता येतो. तो अठरा वर्षांचा असावा, मत गुप्त राखण्याचे त्याने लिहून द्यावे, आणि एका दिवशी एकाच माणसाची सोबत करावी. म्हणजे सासूसासरे दोघेही अंधुक दिसणारे असतील तर एकाच सुनेला दोघांचे करता येत नाही. दुसरी घ्यावी लागते. आणि जेथे डोळे चांगले आहेत तेथे सोबतीचे कारणच नाही. "आपल्या घरचे मत कोणाला?" असा प्रश्न प्रचारास आलेला माणूस नानांना विचारी, आणि नाना कित्येक वर्षे उत्तरही देत आले. घराला मत नसते, ही गोष्ट कायद्याने १९५० साली ठरविली. आमच्या ओट्यावर ती त्यानंतर बरीच उशिरा पोचली.

एका मताने काय होते, असे विचारणारे प्रत्येक घरात असतात. २०२४ च्या निकालात कर्जत-जामखेडचे उमेदवार निवडून आले ते १,२४३ मतांनी, आणि पारनेरचे १,५२६ मतांनी. मालेगाव मध्यमधील अंतर तर १६२ मतांचे होते. एका मोठ्या गावातील दोन-तीन आळ्यांत अशा आमच्यासारख्या सुना किती निघतील, ह्याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे नोव्हेंबरात परजिल्ह्यात फडावर असतात, आणि त्यांस मतासाठी एका दिवसाची मजुरी व भाडे खर्चून गावी यावे लागते. त्यांस टपालाने मत देण्याची सोय नाही. त्यांच्यातील जे येत नाहीत त्यांचे कारण समजते. दहा मिनिटांच्या वाटेवर शाळा असलेल्या आमचे कारण कोणते?

डिसेंबरात सूनबाईने नमुना ६ भरला. नानांनी कागद मागितले, तेव्हा ती नम्रपणेच म्हणाली, "नाना, ह्या वेळी मी भरते." त्यांनी मान हलविली. आठपंधरा दिवसांनी चौकशीस आलेल्या शिक्षिकाबाईंना तिने पाटावर बसवून चहा दिला, आणि त्यांच्याजवळूनच आणखी एक नमुना, सातवा, मागून घेतला. तो मातोश्रींचा. तो भरून झाल्यावर सहीसाठी नानांपुढे आला. 'नाव वगळण्याचे कारण' ह्या ओळीपुढे 'मृत्यू' असे लिहिलेले होते. नाना बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. दरवर्षी श्राद्धाला पिंडापुढे जिचे नाव ते स्वतः उच्चारतात, तिचे नाव ह्या एका यादीतून काढण्यास त्यांचा हात धजेना. शेवटी त्यांनी सही केली, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली आणि कागद सुनेच्या हातात दिला.

नवी यादी निघाली तेव्हा ती सूनबाईने सबंध वाचली, पेन्सिल घेऊन, आमच्या भागाच्या पहिल्या पानापासून. धाकट्या पुतण्याचे वय दहाने चुकलेले तिला सापडले. त्याचा नमुना ८ गेला. आमच्या घराची नावे आता पुन्हा दहाच आहेत. तिचे मात्र इतरांच्या रांगेत नाही; नव्याने चढलेली नावे शेवटी पुरवणीत छापतात, म्हणून ते पुष्कळ पाने पुढे, अनोळखी माणसांत पडले आहे. नानांना ते जरा खटकले. "पुढच्या वेळी यादी नव्याने लागेल, तेव्हा ये आमच्याजवळ," असे ते म्हणाले. सूनबाई हसली. "असू दे नाना, लांब का होईना, आहे."